मदत हवी आहे: तिलापियाच्या टाक्यांवर निळा दिवा लावू का?

सोलापूर जिल्ह्यात शेडमध्ये बायोफ्लॉकच्या (पाण्यातच जिवाणूंचे पुंजके, म्हणजे फ्लॉक, वाढवून माशांची घाण पचवायची पद्धत) चार टाक्या आहेत, प्रत्येकी 4 मीटर व्यास, पाणी सव्वा मीटर. गिफ्ट तिलापिया (नाइल तिलापियाची सुधारित जात), वजन साधारण 150 ग्रॅम.

अडचण प्रतवारीनंतरची, म्हणजे मासे आकारानुसार वेगळे केल्यानंतरची. दोन-तीन दिवस मासे खाद्याला तोंड लावत नाहीत, तळाशी गोळा होतात, ट्यूबलाइट लावली की उसळ्या मारतात. मरतूक थोडीच आहे, पण त्यांचे हाल बघवत नाहीत.

ऑक्सिजन 5 च्या वर, अमोनिया आटोक्यात, तापमान 27-29. आदल्या दिवशी उपाशी ठेवतो, पाण्यात मीठ घालतो, काम पहाटे उरकतो. थोडा फरक पडला, पुरेसा नाही.

ब्राझीलमधल्या संशोधकांनी 2001 मध्ये नाइल तिलापियावर प्रयोग केला होता. कोंडून ठेवल्यावर पांढऱ्या आणि हिरव्या प्रकाशात माशांचं कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) वाढलं, निळ्यात वाढलं नाही. म्हणून एका टाकीवरच्या दिव्याला निळा जिलेटिन कागद लावला. मासे शांत वाटले. पण कागदामुळे उजेडही कमी झाला, त्यामुळे गुण रंगाचा की अंधाराचा हे कळेना. शिवाय फ्लॉकचं पाणी तपकिरी, आणि अशा पाण्यात निळा प्रकाश सगळ्यात आधी शोषला जातो.

कॉर्टिसॉल तपासणी परवडणार नाही. खाल्लेलं खाद्य आणि कल्ल्यांची उघडझाप मोजू शकतो. पाणी बदलून स्वच्छ करणं शक्य नाही, बोअर आटलीय.

बायोफ्लॉकमध्ये कुणी निळे एलईडी वापरले आहेत का? वापरले असतील तर पाण्यावर उजेड किती लक्स ठेवला, आणि प्रतवारीच्या किती तास आधीपासून लावले?