प्रतिसाद: अंगकोर वाटला दुपारीही जा

कंबोडियातल्या अंगकोर वाटच्या पहाटेच्या फोटोत मंदिर नुसतं काळं आलं म्हणून तुम्ही तुमच्या लेखात हळहळलात, पण चूक कॅमेऱ्याची नाही. अंगकोर वाट पश्चिमाभिमुख आहे. सूर्य त्याच्या पाठीमागून उगवतो. तळ्यातल्या प्रतिबिंबासाठी पहाट उत्तमच, पण दगडाचा पोत हवा असेल तर दुपारी तीननंतर परत जा. तेव्हा पश्चिमेच्या ओवरीत तिरपं ऊन शिरतं आणि कुरुक्षेत्राचा शिल्पपट उजळतो. बाराव्या शतकातल्या ख्मेर, म्हणजे तिथल्याच, कारागिरांनी कोरलेला शरपंजरी भीष्म तिथे पाहिला आणि मला कॅमेरा उचलायचं भानच राहिलं नाही! फ्लॅश मात्र नको. सपाट प्रकाशात उथळ कोरीवकाम पुसून गेल्यासारखं दिसतं. अंगकोर परिसरातलं बान्ते स्रेई मंदिर मात्र पूर्वाभिमुख आहे, तिथे सकाळीच पोचा. गुलाबी वालुकाश्म त्या उन्हात फार देखणा दिसतो.