रायझन ५ ५६००जी: वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावं का?

प्रश्न: माझ्याकडे रायझन ५ ५६००जी (इनबिल्ट ग्राफिक्स असलेला प्रोसेसर) आणि १६ जीबीची एकच डीडीआर४-३२०० रॅम स्टिक आहे. गेम १०८०पीवर अडखळतात. कार्ड घेऊ का?

उत्तर १: आधी रॅम बघा. इनबिल्ट ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं. एका स्टिकवर बँडविड्थ (डेटा ने-आण करायचा वेग) सेकंदाला २५.६ जीबी, दोन लावल्या की ५१.२. तशीच दुसरी स्टिक घ्या. रॅमचे चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा वापरायचा. मग बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, चालू करा, नाहीतर रॅम कमी वेगानेच चालत राहू शकते. हे न करता कार्डावर पैसे घालू नका.

उत्तर २: सहमत. तरीही कार्ड घ्यायचंच असेल तर ५६००जी पीसीआयई ३.० (कार्डाच्या जोडणीची जुनी, कमी वेगाची पिढी) पर्यंतच जातो, त्यामुळे फक्त चार लेनचं (डेटाचे चारच मार्ग वापरणारं), म्हणजे आरएक्स ६५०० एक्सटीसारखं कार्ड टाळा. व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) भरली की ते फार रखडतं. कार्डाच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, ८ पिन केबलमधून १५०. पॉवर सप्लायला ती केबल आहे का, ते आधी तपासा.

उत्तर ३: आणि कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल कार्डालाच जोडा. मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये राहिली तर स्क्रीन काळी राहते, किंवा गेम जुन्याच ग्राफिक्सवर चालतो.