अनुभव धागा: दोन रक्तदानांच्या मधले दिवस

नियमित रक्तदान करणाऱ्यांना सगळे एकच विचारतात: आजवर किती वेळा? मला त्या आकड्यापेक्षा मधल्या काळाबद्दल ऐकायचंय. दोन रक्तदानांत पुरुषांनी ९० दिवस आणि स्त्रियांनी १२० दिवस अंतर ठेवायचं असतं. प्रत्यक्ष रक्त द्यायला लागतात पाच-दहा मिनिटं. पण पुन्हा देता यावं म्हणून खाण्यापिण्यात, झोपेत, वागण्यात आपण जे ठरवत जातो, त्याने माणूस बदलतो असं मला मनापासून वाटतं. तुमचं काय झालं? मोकळेपणाने लिहा.

गृहिणी, सांगली
मला पहिल्यांदा परत पाठवलं होतं. हिमोग्लोबिन १२.५ लागतं, माझं दहाच्या आसपास भरलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलं, "जेवायला कधी बसता?" आमच्याकडे बायका शेवटी बसायच्या. भाजी संपलेली असली की चटणी-भाकरीवर भागवायचं. त्या दिवसापासून मी सगळ्यांबरोबर ताट घेऊन बसू लागले. सासूबाईंना आधी रुचलं नाही. मी भांडले नाही, पण उठलेही नाही. जेवणावर लगेच चहा बंद केला, कारण चहामुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. मेथी, राजगिरा, मोड आलेली मटकी आणि वर लिंबू. हिमोग्लोबिन भरायला बरेच महिने गेले. आता रक्त देते त्याचं समाधान आहेच. पण सासूबाई, मी आणि लेक, आम्ही तिघी पहिल्या पंगतीला बसतो ते मला जास्त मोलाचं वाटतं. आता सासूबाईच हाक मारतात, "ये गं, उरलेल्या भाकरी मागाहून थापू."

एक आई, नाशिक
माझ्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे अंगात पुरेसं हिमोग्लोबिन तयारच होत नाही असा जन्मजात आजार. दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि त्यामुळे शरीरात साठणारं लोह काढायला रोजची औषधं. मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं कमी, की आमची धावाधाव सुरू. पूर्वी शेजारी वाटीभर साखर मागायचाही मला संकोच वाटायचा. आता मेमध्ये सोसायटीत दारोदार जाते. लग्न ठरत असलेल्या घरी मुला-मुलीची एचबीए-टू तपासणी करून घ्या म्हणूनही सांगते; स्वतःला त्रास नसला तरी कुणी थॅलेसेमियाचं वाहक आहे का, ते या रक्ततपासणीत कळतं. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. काहींना ऐन बोलणीत हे अशुभ वाटतं. वाटू दे, मी सांगतेच.

रक्तपेढीतला समुपदेशक, पुणे
प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी होते. तरीही संसर्ग अगदी ताजा असेल तर तो चाचणीत सुटू शकतो. म्हणून फॉर्ममधली उत्तरं खरी हवीत. एकदा मित्रांच्या घोळक्यातला एक मुलगा एकटाच माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, मी आज देऊ नये." मित्र चिडवत होते, तरी तो बाजूला बसून राहिला. रक्त देणाऱ्यांइतकाच मी त्याला मानतो.

निवृत्त कामगार, सोलापूर
आमच्या उमेदीत पैसे घेऊन रक्त विकणारी माणसं असत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालामुळे १ जानेवारी १९९८ पासून त्यावर बंदी आली. रक्ताचं काही घ्यायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं; शिबिरातली बॅग नाही की पाण्याचा जार नाही. पुढे हा नेम बाकीच्या व्यवहारातही आपोआप उतरला. शिबिरापेक्षा मी साध्या वारी थेट रक्तपेढीत जायचो. पुढाऱ्याच्या वाढदिवशी ढीगभर पिशव्या जमतात, पण प्लेटलेट्स टिकतात पाचच दिवस. पासष्टीनंतर देता येत नाही. आता गल्लीतल्या पोरांना स्कूटरवर बसवून नेतो.

ठाणे
माझा बॉम्बे रक्तगट. डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईत शोधलेला. आम्हाला ओ गटाचंही रक्त चालत नाही, फक्त आमच्याच गटाचं. रात्री फोन बंद करत नाही. दारू सोडली, बोलावणं कधी येईल सांगता येत नाही.

विद्यार्थिनी, लातूर
गेल्या महिन्यात अठरा पूर्ण झाली. उद्या कॉलेजात शिबिर आहे. उपाशी जायचं असतं का?

गृहिणी, सांगली
नाही गं बाळा, पोटभर नाश्ता करून जा. आज रात्री नीट झोप, सकाळी भरपूर पाणी पी. वजन निदान ४५ किलो लागतं. आणि हिमोग्लोबिन कमी निघालं तर रडू नकोस, इथे लिही.