मदत हवी आहे: फिशटँकमध्ये आरओचं पाणी आपोआप भरायची सोय

नमस्कार मंडळी,

ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, शेवटचा मजला. हॉलमध्ये तीन फुटी उघडा टँक आहे (३६ x १८ x १८ इंच). झाडं, रासबोरा, थोडी चेरी कोळंबी. उन्हाळ्यात वर पंखा लावावाच लागतो. त्याने पाणी गार राहतं, पण उडतंही भराभर. या मापात पातळी १ सेंमी उतरली की चार लिटर गेले म्हणून समजा, आणि मे महिन्यात तेवढे रोज जातात.

महापालिकेचं पाणी असतं तेव्हा मीटरवर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ७०-८० दिसतो, तक्रार नाही. टँकर आले की तोच ५०० च्या पुढे. वाफ होते ती नुसत्या पाण्याची, क्षार मागेच राहतात. त्यात पुन्हा टँकरचं पाणी ओतलं की टीडीएस चढतच जातो. म्हणून सध्या किचनमधल्या आरओचं पाणी जगने ओततो. त्यावरून घरात रोज टोमणे, कारण ऐन पाहुणे आले की आरओची टाकी रिकामी.

डोक्यात असं आहे की आरओच्या पाव इंची नळीला टी मारायची, नळी हॉलपर्यंत आणायची आणि टँकला छोटा फ्लोट व्हॉल्व्ह (पाणी भरलं की आपोआप बंद होणारा तरंगता कॉक) लावायचा. चालेल का? दुसरी धास्ती म्हणजे गणपतीत आम्ही आठवडाभर गावी असतो आणि खालच्यांनी नुकतंच छताला पीओपी केलंय. फ्लोट अडकला तर काय? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद:
थेट टँकला जोडू नका. फ्लोट जरा जरा उघडतो, त्यामुळे आरओ दिवसभर मिनिट-दोन मिनिटं चालू-बंद होत राहील. मेंब्रेन (आरओमधला क्षार अडवणारा पडदा) बंद पडून असताना क्षार हळूहळू शुद्ध बाजूला झिरपतात, म्हणून सुरू झाल्यावर पहिलं येणारं पाणी जास्त टीडीएसचं असतं. तुमच्या टँकला नेमकं तेच मिळत राहील. मध्ये पिंप ठेवा आणि ते एका दमात भरा. ७५ जीपीडीचं (दिवसाला ७५ गॅलनचं) मेंब्रेन कागदावर तासाला १२ लिटर देतं, प्रत्यक्षात थोडं कमीच धरा.

शिवाय किचनचं मशीन स्वतःची टाकी भरली की थांबतं, तुमच्या पिंपाचं त्याला काही सोयरसुतक नाही. टीडीएस कंट्रोलर असेल तर त्यात कच्चं पाणीही मिसळलेलं असतं. ड्राय एरियात (किचनलगतच्या धुण्याच्या जागेत) वेगळं मेंब्रेन बसवा, आरओ दुरुस्तीवाल्याकडे सगळे भाग सुटे मिळतात. मात्र बूस्टर पंप हवाच. शेवटच्या मजल्यावर गच्चीतल्या टाकीचं प्रेशर जेमतेम अर्धा बार मिळतं, मेंब्रेनला तीन-चार लागतात. पिंपातला फ्लोट स्विच पंप आणि सोलेनॉइडच्या (विजेवर उघडझाप होणाऱ्या व्हॉल्व्हच्या) २४ व्होल्टच्या वायरमध्ये घ्या.

प्रतिसाद:
पीओपीपुरतं बोलतो. पिंपातून टँकमध्ये छोटा डीसी पंप, आणि टँकमध्ये एकाखाली एक असे दोन फ्लोट स्विच सिरीजमध्ये. खालच्यावर गोगलगाय ठाण मांडून बसली तरी वरचा करंट तोडतो. नळीचं तोंड पाण्याच्या वर ठेवा. बुडालेलं असेल तर पंप थांबल्यावर सायफन होऊन टँकचं पाणी पिंपात उतरेल. पिंप टँकपेक्षा खालीच हवं, नाहीतर उलटा सायफन.

पण खरी खात्री पिंपाच्या मापात आहे. काठाखाली ५ सेंमी मोकळे सोडलेत तर तुमच्याच हिशोबाने २० लिटर मावतात. मग पिंप २० लिटरचंच घ्या. दोन्ही स्विच गेले तरी पाणी जमिनीवर येत नाही. गावी जाताना आरओचा कॉक बंद करा. भाद्रपदात पंखा बंद असतो, २० लिटर आठवडा काढतील.

धागाकर्ता:
पिंपाच्या मापाचं सुचलंच नव्हतं, आभार. ड्राय एरियात वेस्ट पाइपला जागा आहे, ते पाणी लादी पुसायला जाईल. एकच राहिलं: दर आठवड्याच्या पाणीबदलालाही हेच नुसतं आरओ घालू का?

प्रतिसाद:
नको. वाफेची भरपाई नुसत्या आरओने ठीक, कारण क्षार टँकमध्येच आहेत. पाणी बदलताना तेही बाहेर जातात. नुसतं आरओ घातलंत तर केएच (पीएच स्थिर ठेवणारे कार्बोनेट क्षार) उतरेल, पीएच डळमळेल आणि कोळंबीला कात टाकायला कॅल्शियम पुरणार नाही. महापालिकेचं पाणी असेल त्या दिवशी तेच क्लोरीन काढून घाला. टँकरच्या दिवसांत आरओमध्ये थोडं टँकरचं मिसळा आणि मीटरवर टँकच्या आकड्याशी जुळवा.