आरोग्यावरच्या विरोधकांच्या प्रश्नांना मुख्यमंत्र्यांनी सभागृहात स्वतः उत्तर द्यावे का?

सात रस्ता (धागा सुरू करणारे)

विधिमंडळात आरोग्यसेवेवर विरोधी आमदार प्रश्न विचारतात, संबंधित खात्याचे मंत्री उत्तर देतात आणि मुख्यमंत्री फार तर अंतिम आठवडा प्रस्तावाला, म्हणजे अधिवेशनाच्या शेवटी विरोधक मांडतात त्या चर्चेच्या प्रस्तावाला, उत्तर देताना त्या विषयाला ओझरता स्पर्श करतात. माझे मत असे आहे की अधिवेशनाच्या प्रत्येक आठवड्यात एक ठरावीक तास यासाठी राखून ठेवावा आणि त्या तासात मुख्यमंत्र्यांनी स्वतः उभे राहून, उपप्रश्नांसह, आरोग्यावरच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत.

सोलापुरात राहणाऱ्याला याची गरज लवकर पटावी. आपले सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, १९६३ साली स्थापन झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले असल्यामुळे वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहे. पंढरपूरचे उपजिल्हा रुग्णालय आणि तालुक्यांतील ग्रामीण रुग्णालये सार्वजनिक आरोग्य खात्याकडे, प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे, तर शहरातील दवाखाने आणि प्रसूतिगृहे महापालिकेकडे आहेत आणि महापालिकेचा कारभार नगरविकास खात्याच्या अखत्यारीत येतो. एखादी बाळंतीण गावच्या आरोग्य केंद्रातून तालुक्याच्या रुग्णालयात आणि तिथून रात्री सिव्हिलमध्ये पाठवली जाते, तेव्हा तिच्या घरच्यांसाठी ती एकच रात्र असते. सभागृहात मात्र त्या रात्रीचे तीन तुकडे होतात आणि प्रत्येक मंत्री आपल्या तुकड्यापुरते बरोबर उत्तर देतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारने तपासणी व उपचार निःशुल्क केले, पण तो निर्णय सार्वजनिक आरोग्य खात्याच्या संस्थांपुरता होता आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्याच्या बाहेर राहिली. एकाच जिल्ह्यातल्या दोन सरकारी रुग्णालयांत केसपेपरच्या पैशांचा नियम वेगळा का, याचे उत्तर कोणताही एक खातेमंत्री देऊ शकत नाही. दोन्ही खाती ज्यांच्या हाताखाली आहेत, त्यांनीच ते दिले पाहिजे.

वेळेचा प्रश्न तितकाच गंभीर आहे. डिसेंबर २०२४ मधले नागपूर अधिवेशन १६ ते २१ तारखेपर्यंत चालले आणि मंत्र्यांना खाती मिळाली ती २१ तारखेला, कामकाज संपल्यावर. त्याच अधिवेशनात राज्यातील सार्वजनिक आरोग्य सुविधांवरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल सभागृहात ठेवला गेला. अहवाल आला तेव्हा त्यावर उत्तर देणारा आरोग्यमंत्रीच अस्तित्वात नव्हता, आणि म्हणूनच त्या आठवड्यात मुख्यमंत्र्यांसाठी राखीव तास असता तर तो अहवाल पटलावर नुसता पडून राहिला नसता.

जुळे सोलापूर

तुमची तळमळ मला मान्य आहे, पण तुम्ही सुचवलेला उपाय मला चुकीचा वाटतो आणि तो का चुकीचा वाटतो हे सविस्तर सांगणे आवश्यक आहे.

संविधानाच्या अनुच्छेद १६४ नुसार मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. वैद्यकीय शिक्षणमंत्री जे बोलतात ते सरकारचेच उत्तर असते, आणि ते अपुरे असेल तर त्यांनाच पुन्हा उभे करणे हे आमदारांचे काम आहे. मुख्यमंत्री दर आठवड्याला आरोग्यावर बोलू लागले, तर ज्यांच्या टेबलावर सिव्हिलच्या पदभरतीची फाइल प्रत्यक्षात आहे ते मंत्री आणि सचिव निर्धास्त होतील. १९५८ साली मुंदडा प्रकरणात, म्हणजे आयुर्विमा महामंडळाच्या गुंतवणुकीच्या घोटाळ्यात, तत्कालीन अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना पायउतार व्हावे लागले, त्याची सुरुवात लोकसभेत फिरोज गांधींनी नेमक्या खात्याला धरून केलेल्या प्रश्नांतून झाली होती. ती पकड पंतप्रधानांकडून सर्वसाधारण उत्तरे घेऊन आली नसती.

ब्रिटनमध्ये १९६१ पासून पंतप्रधानांसाठी ठरावीक प्रश्नवेळ आहे. आधी आठवड्यातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटे आणि १९९७ पासून दर बुधवारी एकदाच अर्धा तास. विरोधी पक्षनेत्याला सहा प्रश्न विचारता येतात आणि त्यांतले बरेच तिथल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेवर असतात. ते कामकाज मी अनेकदा पाहिले आहे. प्रतीक्षायादीचा आकडा एका बाजूने येतो, मागच्या सरकारच्या काळातला आकडा दुसऱ्या बाजूने येतो, आणि रुग्णालयाविषयी श्रोत्याला नवे काहीच कळत नाही. आपल्याकडे लोकलेखा समिती आहे, जी खात्याच्या सचिवांना समोर बसवून तासन्‌तास विचारू शकते. महालेखापरीक्षकांचा अहवाल तिथेच तपासला जातो आणि तिथेच तो तपासला जावा.

सात रस्ता

समितीचे काम मोलाचे आहे, हे मी नाकारत नाही. पण समितीच्या बैठका बंद दाराआड होतात आणि तिचा अहवाल यायला वर्षे जातात. सिव्हिलच्या आवारात मुक्काम करणाऱ्या नातेवाइकाला त्याच आठवड्यात ऐकू येईल असे उत्तर समितीकडून मिळत नाही.

बाळीवेस

मी औषधनिर्माण अधिकारी म्हणून सरकारी नोकरीत होतो, म्हणून या चर्चेत फक्त औषधांपुरते बोलतो.

२०१७ पासून राज्यातील सरकारी रुग्णालयांची मोठी औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे दिली गेली. पुढे २०२३ साली कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झाले. रुग्णालयाने मागणी नोंदवायची, खात्याने निधी द्यायचा, खरेदी तिसऱ्याच यंत्रणेने करायची आणि पुरवठा निविदा भरणाऱ्या कंपनीने करायचा, अशी ही साखळी आहे. तिच्यातला एखादा दुवा अडला की रुग्णालयाला स्थानिक खरेदीवर भागवावे लागते, तिला मर्यादा असते, आणि ती मर्यादा संपली की डॉक्टर बाहेरून औषध आणण्याची चिठ्ठी लिहून देतात. ती चिठ्ठी घेऊन मेडिकल दुकानाकडे जाणाऱ्या विडी कामगार बाया मी नोकरीत रोज पाहिल्या आहेत आणि त्यांचा दिवसाचा रोजगार किती असतो हे या शहरात कोणाला सांगण्याची गरज नाही.

आता सभागृहात प्रश्न आला की ‘औषधे का नाहीत’, तर खाते सांगते की निधी वर्ग केला आहे, खरेदी यंत्रणा सांगते की मागणी उशिरा आली, आणि रुग्णालय सांगते की मागणी वेळेत पाठवली होती. तिन्ही कागद खरे असू शकतात. या तिघांना एका टेबलावर बसवून तारीख ठरवून देण्याचा अधिकार मुख्यमंत्र्यांशिवाय कोणालाही नाही. म्हणून औषधांच्या बाबतीत तरी मी धागाकर्त्यांच्या बाजूचा आहे. जुळे सोलापूर, तुम्ही म्हणता तसे नेमक्या खात्याला धरायचे झाले, तर या साखळीत ते खाते कोणते, हे कृपया सांगा.

होटगी रोड

राखीव तास द्या, अवश्य द्या. पण तो तास कामकाजासाठी वापरला जाईल याची हमी कोण देणार? प्रश्नोत्तराच्या तासात हौद्यात उतरून घोषणा देणे, मंत्री उत्तर देत असताना सभात्याग करणे आणि मग बाहेर पायऱ्यांवर माध्यमांशी बोलणे, हे मी विरोधात बसणाऱ्या सर्वच पक्षांकडून पाहत आलो आहे. आजचे सत्ताधारी विरोधात होते तेव्हा त्यांनीही हेच केले. एक तास वाया गेला की छापलेले तारांकित प्रश्न तोंडी उत्तराविना राहतात आणि त्यांची लेखी उत्तरे पटलावर ठेवली जातात. आमदाराने मतदारसंघातून माहिती गोळा करून तयार केलेला प्रश्न असा निकालात निघतो. विरोधकांनी आधी असलेला तास नीट चालवून दाखवावा, मग नवा मागावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुळे सोलापूर

बाळीवेस, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि औषधांच्या साखळीपुरते माझ्याकडे त्याला पूर्ण उत्तर नाही. तरीही मी म्हणेन की खरेदीची जबाबदारी एका मंत्र्याकडे स्पष्टपणे द्यावी आणि त्यालाच विचारावे. साखळी गुंतागुंतीची आहे म्हणून उत्तरदायित्व वर ढकलत गेलो, तर उद्या रस्ते, पाणी, वीज या प्रत्येक विषयासाठी मुख्यमंत्र्यांचा एकेक तास मागावा लागेल.

लेखी उत्तरांना होटगी रोड यांनी इतके कमी लेखू नये. सप्टेंबर २०२० मध्ये करोनामुळे संसदेचे प्रश्नोत्तराचे तास वगळले गेले, तेव्हाही अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे मिळत होती. पदे किती मंजूर, किती भरलेली, खाटा किती, हे आकडे तोंडी उत्तरापेक्षा लेखी उत्तरातच नीट मिळतात.

सात रस्ता

आकडे मिळतात, पण आकड्याला उलटा प्रश्न करता येत नाही. ‘पदे भरण्याची कार्यवाही सुरू आहे’ असे लेखी आले की विषय तिथे संपतो. तोंडी उत्तरात मात्र दुसरा आमदार लगेच उठून विचारतो की जाहिरात कधी निघाली. २०२० मध्ये नेमकी हीच गोष्ट गेली, आणि तीही साथीच्या ऐन भरात.

होटगी रोड यांच्या मुद्द्यावर एवढेच की गोंधळाचा दोष मी कोणाच्याही माथी कमी करत नाही. पण नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत कोणत्याही एका विरोधी पक्षाला २८८ च्या एक-दशांश, म्हणजे २९ जागासुद्धा मिळाल्या नाहीत आणि विधानसभेतले विरोधी पक्षनेतेपद रिकामे राहिले. ज्यांची संख्या इतकी कमी आहे त्यांना हक्काची वेळ दिली नाही, तर त्यांच्या हाती आरडाओरडा करण्याखेरीज काय उरते?

आणि अधिवेशन नसते तेव्हाचे काय? जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुइलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि राज्यातल्या पहिल्या संशयित मृत्यूची नोंद आपल्या सोलापुरात झाली. विधिमंडळ २१ डिसेंबरला उठले होते आणि अर्थसंकल्पी अधिवेशन ३ मार्चला सुरू झाले. त्या मधल्या आठवड्यांत पिण्याच्या पाण्याबद्दल, इंजेक्शनच्या खर्चाबद्दल लोकांना जे विचारायचे होते, ते सरकारने पत्रकार परिषदांतून आपल्या सोयीने सांगितले. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर नको, एवढेच संविधान सांगते. आरोग्याच्या बाबतीत ती मुदत फार लांब आहे.

होटगी रोड

अधिवेशनाचे दिवस वाढवावेत, या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. ती मुख्यमंत्र्यांच्या तासाच्या आधीची मागणी आहे आणि तिच्यासाठी कोणताही नवा नियम करावा लागत नाही.

बाळीवेस

जिल्ह्यात अकरा आमदार आहेत आणि ते दोन्ही बाजूंचे आहेत. येत्या अधिवेशनासाठी त्यांच्यापैकी कोणाकडेही देता येईल असा एक प्रश्न मी लिहून ठेवला आहे: सिव्हिलने मागील आर्थिक वर्षात कोणत्या औषधांची मागणी कोणत्या तारखेस नोंदवली, त्यांपैकी कोणती कोणत्या तारखेस मिळाली, आणि न मिळालेल्यांसाठी स्थानिक खरेदीवर किती खर्च झाला? जुळे सोलापूर, हा प्रश्न कोणत्या मंत्र्याच्या नावे पाठवायचा, हे तुम्ही ठरवा. माझी हरकत नाही.

जुळे सोलापूर

वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांच्या नावे पाठवा, आणि प्राधिकरणाकडून झालेल्या पुरवठ्याच्या तारखा त्याच उत्तरात मागा. दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवून उत्तर आले, तर ते उत्तर इथे जसेच्या तसे टाका.