ब्रश रात्रभर पाण्यात ठेवण्याबद्दल

रंगकाम दुसऱ्या दिवशी पुढे चालू ठेवायचं असेल तर रंगाचा ब्रश रात्री पाण्याच्या डब्यात उभा करून ठेवा, असं काही जण सुचवतात. इमल्शनच्या, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या भिंतीच्या रंगाच्या, ब्रशसाठी तरी असं करू नका. केस तळाला टेकून वाकतात आणि एकदा वाकले की कडेची सरळ रेघ त्या ब्रशने कधीच येत नाही. लाकडी मूठही फुगते.

उद्या सकाळी तोच रंग लावायचा असेल तर धूत बसायची गरजच नाही. जास्तीचा रंग डब्याच्या कडेला निपटून घ्या, ब्रश प्लास्टिकच्या पिशवीत घालून आतली हवा दाबून काढा आणि मुठीपाशी रबरबँड लावा. रोलरचंही तसंच, फक्त पिशवी दोनदा गुंडाळा, कारण त्याच्या लवेत हवा राहते. जेवायला उठलात तरी एवढं कराच.

धुवायची वेळ आली की खरी मेख पत्र्याच्या पट्टीखाली असते. वरून केस स्वच्छ दिसतात, पण मुळाशी रंग सुकतो आणि दोन-तीन वेळांत ब्रश झाडूसारखा पिंजारतो. म्हणून केस बोटांनी फाकवून मुळापर्यंत पाणी जाऊ द्या, मग केस सारखे करून ब्रश आडवा किंवा टांगून वाळवा.

ऑइल पेंटला पाणी नाही, टर्पेंटाइनच. आणि पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, हे कळकळीने सांगतो. जवसाच्या तेलासारखी तेलं सुकताना उष्णता सोडतात, बोळ्यात ती कोंडून चिंध्या आपोआप पेटू शकतात. बाहेर, एकेक पसरून वाळवा.