जुनी पत्रं: उन्हात घालू की लॅमिनेट करू?

फोंड्याचा_माळा
पत्र्याच्या ट्रंकेत दीडेकशे पत्रं आहेत, 1935 ते 1965 च्या दरम्यानची. बरीच मोडीत, चार-पाच पोर्तुगीज. कसर लागलीय, कुबट वास येतो. पावसाआधी ऊन दाखवून लॅमिनेट करावीत का? नातेवाइकांना प्रतीही द्यायच्यात.

शाईदौत
दोन्ही नको. उन्हानं शाई उडते आणि लॅमिनेशन एकदा केलं की कागद फाडल्याशिवाय निघत नाही.

आधी टाचण्या काढा. गंजलेली टाचणी कागदाला धरून बसते, ओढली की भोक पडतं. प्लास्टिकची पातळ पट्टी खाली सरकवून सोडवा. बुरशी आलेली पत्रं वेगळी काढून सावलीत, वाऱ्यावर सुकवा. पूर्ण सुकल्यावरच मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशनं झाडा. ओली बुरशी झाडली की फासते.

कसरीसाठी झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा, डीप फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवर दोन आठवडे. एकदारी फ्रीजचा बर्फाचा कप्पा चालत नाही, तेवढा गार होत नाही. बाहेर काढल्यावर 24 तास पिशवी उघडू नका, नाहीतर गार कागदावर दव धरतं.

अक्षरं तपकिरी होऊन पाठीमागे उमटली असतील तर ती हिराकशीची, म्हणजे लोखंडाच्या क्षाराची शाई. तिचं आम्ल कागद खातं, दमटपणात जास्तच. घडी उघडायला वाफ देऊ नका.

कोरडा_कोपरा
ट्रंक बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, जमिनीवरही नको. आम्लरहित फोल्डर, घट्ट झाकणाचा डबा, आत ओल शोषणारं सिलिका जेल. नारिंगी दाणे हिरवे पडले की बदला. डांबरगोळ्यांचा बुरशीला काही उपयोग नाही. कडुलिंबाचा ओला पाला ठेवणं म्हणजे डब्यात ओलच भरणं.

फोंड्याचा_माळा
पाकिटं टाकून देऊ? तिकिटं भाच्याला हवीत.

शाईदौत
अजिबात नको! बिनतारखेच्या पत्राला पाकीटच साक्षीदार. 1958 साली पोर्तुगीज भारतात (गोवा, दमण, दीव) रुपिया या चलनाच्या जागी एस्कुदो आला, म्हणजे नुसती तांग्यातली (तांगा म्हणजे रुपियाचा सोळावा भाग) किंमत छापलेलं तिकीट बहुधा त्याआधीचं. भाच्याला स्कॅन द्या.

कोरडा_कोपरा
स्कॅन फ्लॅटबेडवरच, म्हणजे काचेवर पान ठेवून; पान आत ओढणाऱ्या फीडरमधून नको. 400 डीपीआय, रंगीत, पाठपोट, कागदाच्या चारी कडा दिसतील असं. नाहीतर समासात आडवं लिहिलेलं नेमकं कापलं जातं. मूळ प्रत टिफ, वाटायला जेपेग. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलंत तर मोडीच्या बारीक वेलांट्या पुसट होतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइलचं नाव तारखेनं: 1952-03-14-पान-1. फेसबुकवर टाकायच्या आधी मात्र लिहिणाऱ्याच्या वारसांना विचारा. कागद तुमचा असला तरी मजकुराचा हक्क त्यांचा.